लाल विंचू आणि एक गोळी

अमरावतीजवळच्या वलगावात किंवा पेढी नदीकाठच्या कुठल्याही गावात सत्तरीच्या माणसाला विचारावं, की तुमच्या लहानपणी इचू कोण उतरवायचं. तो नाव सांगतो, घरही दाखवतो. कुणी चिंचोका घासून डंखावर चिकटवायचा, कुणी आघाड्याचं मूळ उगाळून लावायचा, कुणी मंत्र टाकायचा. चावलेला माणूस रात्रभर कळवळायचा आणि सकाळी उठून कामाला लागायचा. मांत्रिकाचं नाव त्यामुळे पिढ्यान् पिढ्या टिकलं. आपल्याकडे घरादारात जास्त आढळतो तो जाड चिमट्यांचा मोठा काळा विंचू. त्याच्या डंखाने वेदना अपार होतात, पण जीव सहसा जात नाही. विष आपोआप ओसरतं आणि यश मंत्राच्या खात्यावर जमा होतं.

लाल विंचवाची गोष्ट निराळी आहे. तो लहान असतो, चिमटे बारीक आणि शेपूट जाड. दगडाखाली, कौलांच्या फटीत, गोवऱ्यांच्या ढिगात, चपलेत तो लपतो. त्याच्या विषाची बाधा जेव्हा जीवघेणी असते, तेव्हा डंखाच्या जागी फारसं दुखतही नाही. घरचे निर्धास्त होतात आणि मांत्रिकाकडे दोन-तीन तास जातात. माणसाचा जीव जायचा तो या दोन-तीन तासांत.

वलगावजवळ, पेढीच्या पुलाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. सारा जन्म त्यांनी गावोगाव नवस, बळी आणि अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध कीर्तन केलं, आणि रोग्याला औषध देणं हीच पूजा असं सांगितलं. पण प्रामाणिकपणे विचारायला हवं, की बाबांचं ऐकून एखाद्या बापाने लाल विंचू चावलेलं पोर १९५६ साली मांत्रिकाऐवजी दवाखान्यात नेलं असतं, तर डॉक्टरने काय केलं असतं? कळ थांबवणारं इंजेक्शन दिलं असतं. पोर बहुधा तरीही गेलं असतं. मरण नेमकं कशाने येतं, हे उपचार करणाऱ्यालाही उमगलं नव्हतं. ते उमगलं आणखी पंचवीस-तीस वर्षांनी, आणि तेही मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळात उमगलं नाही. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेपाशी त्याची सुरुवात झाली.

त्या खाटेपाशी जाण्याआधी एका रसायनाचा मागोवा घ्यावा लागतो. माणूस घाबरला, चिडला, जिवावर बेतलं, की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो. हे घडवणारं अ‍ॅड्रेनॅलिन हे द्रव्य शुद्ध रूपात पहिल्यांदा वेगळं केलं ते जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने, अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर. संकटात लढायला किंवा पळायला शरीर कसं सज्ज होतं, याचं वर्णन वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये केलं. मज्जातंतूंच्या टोकांतून जे सुटतं ते अ‍ॅड्रेनॅलिनचं भावंड, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं, की ही द्रव्यं पकडणाऱ्या पेशींवरच्या जागा, म्हणजे ग्राही, दोन जातींचे असतात, अल्फा आणि बीटा. ढोबळमानाने अल्फामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि बीटामुळे हृदय जोरात धावतं. हा निबंध आधी एका नियतकालिकाने नाकारला होता. पुढे रक्तदाबाची आणि हृदयाची कितीतरी औषधं याच मांडणीवर उभी राहिली.

महाराष्ट्रातही या रसायनाशी एक मोठी गाठ पडली होती, पण तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही. सर्पगंधेच्या मुळ्या वेडावर आणि झोपेसाठी देण्याची रीत आपल्या देशात जुनी. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मुळी रक्तदाबही उतरवते असं लिहिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर तिचा नीट अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणला. तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यक या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं गेलं. दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते पोचलं, आणि वर्षानुवर्षं आरडाओरडा करणारे रुग्ण शांत बसू लागले. ते शांत का होतात, याचा शोध घेताना बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ मध्ये दिसलं, की रेसरपिन सिरोटोनिनचे साठे रिकामे करतं. पाठोपाठ कळलं, की नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचंही तेच होतं. मनाची अवस्था आणि मेंदूतलं द्रव्य यांचा धागा इतका स्पष्ट त्याआधी क्वचितच दिसला होता. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिन घेणारे काही रुग्ण मात्र खोल उदासीनतेत बुडाले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं वाढली तर घातक आणि पार आटली तरी घातक, असं तेव्हाच वाटू लागलं होतं.

आता महाड. चवदार तळ्यामुळे हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याची जांभ्या दगडाची जमीन, डोंगरात विखुरलेल्या वाड्या, कौलारू घरं, दगडी गडगे. लाल विंचवाला याहून सोयीचा मुलूख नाही. इथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाला. नाव हिंमतराव साळुबा बावस्कर. गाव देहेड, तालुका भोकरदन, आजचा जालना जिल्हा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, मिळेल ते काम करत शिकलेला आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेला. म्हणजे विदर्भाच्या मातीत वाढलेलं वैद्यकीय शिक्षण कोकणात कामाला आलं, याचा आपल्याला आनंद वाटायला हरकत नाही.

रात्री-अपरात्री विंचू चावलेली माणसं तिथे येत. पुष्कळ मुलं असत. येताना बोलत, चालत येत आणि काही तासांत दगावत. त्या काळी यावर जे दिलं जाई त्यात स्टेरॉइड होतं, अ‍ॅट्रोपिन होतं, पेथिडिन आणि झोपेची औषधं एकत्र करून केलेलं मिश्रणही होतं. मरण मात्र अटळ मानलं जाई. गंभीर बाधा झालेल्या शंभर रुग्णांमागे पंचवीस-तीस जण जात.

बावस्करांनी जे केलं ते सांगायला सोपं आणि करायला अतिशय कठीण आहे. ते रुग्णाजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचं तापमान, घाम, उलटी, सगळं तासातासाला लिहीत राहिले. यंत्रं जवळजवळ नव्हतीच. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत नोंदी जमत गेल्या आणि एक क्रम दिसू लागला. ज्याच्या हृदयाला पुढे धोका होणार असतो, त्याला आधी उलट्या होतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, तोंडातून लाळ गळते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, आणि पुरुष किंवा मुलगा असेल तर इंद्रिय ताठ राहतं. हे शेवटचं लक्षण घरचे लाजेने सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरनेच तपासायचं. ही लक्षणं दिसली की फुफ्फुसात पाणी भरण्याआधी हाताशी थोडा वेळ असतो. १९८२ मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट'ने हे निरीक्षण छापलं. एका खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या खाटेवरून जगातल्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकापर्यंत हा कागद गेला, आणि त्यात होत्या त्या केवळ डोळ्यांनी पाहिलेल्या आणि हातांनी चाचपलेल्या गोष्टी.

या लक्षणांमागे काय घडतं? विंचवाच्या विषातली प्रथिनं मज्जापेशींवरच्या सोडियम आणि पोटॅशियमच्या सूक्ष्म मार्गांत बिघाड करतात. जे मार्ग क्षणात बंद व्हायला हवेत ते उघडे राहतात, आणि मज्जातंतू थांबायचं नाव न घेता संदेश सोडत सुटतात. आधी अ‍ॅसिटिलकोलिनचा लोंढा येतो. उलटी, घाम, लाळ ही त्याची खूण. मग मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन प्रचंड प्रमाणात सुटतं. इस्रायलमध्ये मोशे गेरॉन यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या लघवीत या द्रव्यांचं वाढलेलं प्रमाण मोजून दाखवलं होतं. भीतीच्या टोकाच्या क्षणी शरीर जितकं रसायन सोडतं, त्याहून कितीतरी अधिक ते इथे सोडतं, आणि तासन् तास सोडतं. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणूनच हातपाय गार. हृदय मात्र चाबूक मारल्यासारखं धावत असतं. विहिरीवरची मोटर पूर्ण जोरात चालू असावी आणि पुढचा पाइप कुणी पिळून धरावा, तशी त्याची गत होते. मोटर जळते. रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसात पाणी भरतं, तोंडाशी गुलाबी फेस येतो.

म्हणजे मारणारं थेट विंचवाचं विष नव्हे. त्या विषाने मोकाट सोडलेलं आपल्याच शरीराचं ताणाचं रसायन मारतं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची ओळख हीच आहे, कारण ती पटली की उपचाराची दिशाच पालटते. विषामागे धावण्याआधी त्या रसायनाला अडवायचं. जुनी औषधं का फसत होती, तेही उलगडतं. अ‍ॅट्रोपिन अ‍ॅसिटिलकोलिनला रोखतं, पण त्यामुळे आधीच बेफाम झालेलं हृदय आणखी वेगाने धावतं. स्टेरॉइडचा या वादळाशी संबंधच नाही. वरवर योग्य वाटावं असं आणखी एक औषध होतं. जेम्स ब्लॅक यांनी शोधलेलं प्रोप्रानोलॉल १९६० च्या दशकात आलं होतं आणि ते बीटा ग्राही अडवून हृदयाला शांत करतं. पण बीटा तेवढं अडवलं आणि अल्फा मोकळं सोडलं, तर मोटर मंदावते आणि पाइप पिळलेलाच राहतो. अशा रुग्णासाठी ते धोक्याचं.

पाइप सैल करायला हवा होता. बावस्कर मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून एम.डी. होऊन पुन्हा याच मुलखात परतले होते. शहरात राहण्याचा रस्ता उघडा असताना ते परतले, ही गोष्ट नोंदवायलाच हवी. पोलादपूरला त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. रक्तवाहिन्या सैल करणारं हे औषध थेंबाथेंबाने शिरेतून द्यावं लागतं, बाटली उजेडापासून झाकावी लागते आणि रक्तदाब सतत मोजत राहावं लागतं. त्याने रुग्ण वाचू लागले. दिशा बरोबर असल्याचा तो पुरावा होता. पण वीज जाणाऱ्या, एकच परिचारिका असणाऱ्या केंद्रात हे रोज कसं जमावं?

प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी तोवर बाजारात आली होती. ती नेमके अल्फा ग्राही अडवते. तोंडावाटे देता येते, स्वस्त आहे, सलाइन लावायला लागत नाही. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय गरम व कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. हात गरम झाला की रुग्ण वाचला, इतकी सोपी खूण. ती कुणाही परिचारिकेला, आईलाही कळते. एक पथ्य मात्र काटेकोर. या गोळीच्या पहिल्या मात्रेनंतर उभं राहिलं की रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून रुग्णाने आडवंच राहायचं. पोर रडलं तरी आईने त्याला उचलून कडेवर घ्यायचं नाही, पाजायचं तेही झोपवूनच. आईच्या हातांना हे किती जड जात असेल!

१९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्येच प्राझोसिनच्या अनुभवाचं पत्र छापून आलं. पुढच्या वर्षांत बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या दवाखान्यातून या विषयावर एकामागून एक निबंध लिहिले. वेळेत गोळी मिळालेल्यांमधलं मरणाचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. तीसावरून एकावर. कोकणातल्या, घाटावरच्या आणि पुढे इतर राज्यांतल्या डॉक्टरांनीही हीच पद्धत उचलली.

वेगळं मत नव्हतं असं नाही. मुंबईतच, सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएममध्ये डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्सुलिनचा आग्रह धरला. या रसायनांच्या लोंढ्याने शरीरातलं इन्सुलिन दबतं आणि हृदयाची ऊर्जा संपते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीचं नव्हतं. पण खेड्यातल्या केंद्रात गोळी टिकली.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविषाची लस तयार झाली. साहजिकच प्रश्न आला, की लस असताना गोळी हवी का? ज्याने गोळीवर नाव मिळवलं तो माणूस आपल्या उपचारापेक्षा सरस काही असू शकतं, हे तपासायला तयार झाला. बावस्कर दांपत्याने ७० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिलं, ३५ जणांना प्राझोसिनबरोबर लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८ होते, दुसऱ्या गटात ३२. लसीची बाजू निर्विवाद निघाली आणि तो निकाल त्यांनी स्वतःच २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जाहीर केला. हा प्रामाणिकपणा मला गोळीच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोळीची गोष्ट इथे संपत नाही. प्राझोसिन रक्तातून मेंदूतही शिरतं. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक सूक्ष्म ठिपका आहे. मेंदूतलं बहुतेक नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तिथल्या पेशी पुरवतात आणि माणूस सावध, दचकलेला, जागा राहतो तो त्यांच्यामुळे. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात माजी सैनिकांवर उपचार करणारे मरे रॅस्किंड यांना दिसलं, की प्रोस्टेटच्या त्रासासाठी प्राझोसिन घेणाऱ्या व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची भयंकर स्वप्नं अचानक थांबली. तीस वर्षं रोज रात्री किंचाळून उठणारा माणूस शांत झोपू लागला. २००३ मधल्या दहा सैनिकांवरच्या चाचणीने ते खरं ठरवलं. २०१८ मध्ये ३०४ जणांवरची मोठी चाचणी छापून आली आणि तिच्यात मात्र साखरेच्या गोळीपेक्षा प्राझोसिन सरस ठरलं नाही. विंचवाच्या दंशात जीव घेणारं रसायन मुख्यतः एकाच जातीचं असतं आणि त्याला अडवलं की माणूस वाचतो. माणसाच्या मनातल्या ताणाचं असं नाही. तिथे अनेक द्रव्यं गुंतलेली असतात, आणि त्यांच्यामागे त्याचं आयुष्य असतं.

हे आपल्या वऱ्हाडाइतकं कुणाला ठाऊक असणार? पाऊस गेला, कपाशीला भाव नाही, बँकेचं आणि सावकाराचं कर्ज थकलं, मुलीचं लग्न ठरलेलं. अशा घरात रात्रंदिवस सुटत राहणाऱ्या रसायनाला डंख दिसत नाही आणि हातपायही गार पडलेले दिसत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गेल्या दशकाच्या सुरुवातीला 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. विदर्भातला ताण आणि आरोग्य हाच त्याचा विषय होता. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये यांनी त्याचा अभ्यास 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये २०१७ मध्ये मांडला. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना शिकवून तयार केलं होतं. घरोघरी जायचं, ऐकून घ्यायचं, उदासीनता हा आजार आहे हे सांगायचं, समुपदेशन करायचं आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे, औषधापर्यंत पोचवायचं. बिरवाडीत एक डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी बसून राहिला होता. इथे ते बसणं गावातल्या बायाबापड्यांनी केलं.

उपक्रमाआधी उदासीनता असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण कुठल्याही उपचारापर्यंत पोचत होते, ४.३ टक्के. नंतर हे प्रमाण २७.२ टक्के झालं. तुलनेसाठी उपक्रम नसलेली दुसरी गावं अभ्यासात नव्हती, त्यामुळे सगळी वाढ त्याच कामामुळे झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही चारावरून सत्तावीसवर जाणं म्हणजे कितीतरी घरांत पहिल्यांदाच कुणीतरी ओट्यावर बसून विचारलं, की बाबा, झोप लागते का. उरलेले त्र्याहत्तर जण मात्र तेव्हाही कुठल्याच उपचारापर्यंत पोचले नव्हते.